सहा तासांचा दिवस

गर्द ओढणाऱ्या किंवा सुई टोचून घेणाऱ्या माणसाविषयी आपल्याकडे एक वाक्य फार पटकन बोललं जातं : "त्याला स्वतःच्या जिवाची पर्वाच उरलेली नाही." आई ते रडत म्हणते, हवालदार वैतागून म्हणतो, वॉर्डातली सिस्टर सवयीनं म्हणते. हे पुस्तक त्या एका वाक्याशी भांडण्यासाठी लिहिलं आहे. अशा माणसाला जिवाची पर्वा असते. पुष्कळदा ती इतकी तीव्र असते की तिच्यापुढे त्याला दुसरं काही दिसतच नाही. फक्त ती पुढच्या सहा तासांपुरती असते. सहा तासांनी टर्की येणार आहे आणि काहीही करून ती टाळायची आहे. या धडपडीत काही वर्षांनी होऊ शकणारा आजार हिशेबात धरायला जागाच उरत नाही. बाहेरून जो बेदरकारपणा दिसतो, तो बराचसा वेळेचा हिशेब असतो. आणि हिशेब असेल, तर त्यातले आकडे बदलून त्याचं उत्तरही बदलता येतं.

टर्की म्हणजे काय, हे आधी नीट सांगायला हवं, कारण ज्यानं ती भोगली नाही त्याला ती तापासारखी वाटते आणि ज्यानं भोगली त्याला शब्द सापडत नाहीत. अफूच्या कुळातला पदार्थ रोज घेणाऱ्या शरीराला तो वेळेवर मिळाला नाही, की हा त्रास सुरू होतो. मग तो पदार्थ गर्द (म्हणजे ब्राऊन शुगर, अशुद्ध हेरॉइन) असो, मॉर्फिन असो, नाहीतर डॉक्टरांनी लिहून दिलेली वेदनाशामक गोळी असो. हेरॉइनच्या बाबतीत शेवटच्या डोसनंतर सहा ते बारा तासांत सुरुवात होते. आधी जांभया येतात. मग नाकाडोळ्यांतून पाणी वाहू लागतं. अंगावर काटा उभा राहतो, घाम फुटतो आणि त्या घामातच थंडी वाजते. पोटात पीळ पडतो, उलट्या-जुलाब होतात, हाडं ठणकतात, पाय एका जागी राहत नाहीत, झोपेचं नाव नसतं. पहिल्या तीन दिवसांत त्रास कळसाला पोहोचतो आणि आठवडाभरात शरीर बरंचसं सावरतं. उदासी आणि निद्रानाश मात्र पुढे कित्येक आठवडे रेंगाळतात.

हे सगळं होत असताना मेंदूच्या देठातलं 'लोकस सेरूलियस' नावाचं एक इवलंसं केंद्र जोरात काम करत असतं. धोक्याच्या वेळी शरीराला खडबडून जागं करणारं नॉरॲड्रेनलिन मेंदूला प्रामुख्यानं तिथूनच मिळतं. अफूचे पदार्थ या केंद्राला दाबून धरतात. रोजच्या दाबाखालीही आपलं काम चालू ठेवता यावं म्हणून ते केंद्र हळूहळू आपली ताकद वाढवत नेतं. मग एक दिवस दाब नाहीसा होतो, ताकद मात्र वाढलेलीच असते. छातीतली धडधड, घाम, कारण नसताना वाटणारी धास्ती यांचा मोठा भाग तिथून येतो. म्हणूनच टर्कीच्या उपचारात क्लोनिडिन हे मूळचं रक्तदाबाचं औषध उपयोगी पडतं; ते याच केंद्राला शांत करतं. टर्कीतला माणूस धोक्याची घंटा ऐकत असतो आणि ती घंटा त्याच्या शरीरातच वाजत असते. अशा वेळी त्याला "जरा शांतपणे विचार कर" असं सांगण्याला फारसा अर्थ नसतो.

"टर्कीनं कुणी मरत नाही," असंही म्हटलं जातं. निरोगी माणूस आणि पुरेसं पाणी एवढं गृहीत धरलं तर ते बहुतांशी खरं आहे. कोठडीत किंवा तुरुंगात उलट्या-जुलाबांकडे दुर्लक्ष झालं, तर मात्र शरीरातलं पाणी आटून मृत्यू होतात, आणि झालेले आहेत. पण टर्कीनं जेवढी माणसं मरतात, त्यांच्या कितीतरी पट माणसं टर्की टाळण्याच्या नादात मरतात. या पुस्तकाचा विषय ती दुसरी माणसं आहेत.

अल्फ्रेड लिंडस्मिथ या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९३० च्या दशकात शिकागोमधल्या व्यसनी माणसांच्या दीर्घ मुलाखती घेतल्या आणि त्यांवर आधारलेलं पुस्तक १९४७ साली प्रसिद्ध केलं. व्यसन मजेच्या ओढीनं जडतं, हा तेव्हाचा (आणि आजचाही) समज. लिंडस्मिथचं म्हणणं वेगळं होतं. शस्त्रक्रियेनंतर कित्येक रुग्णांना दिवसेंदिवस मॉर्फिन दिलं जातं. ते थांबल्यावर त्यांना त्रास होतो, पण तो आजारपणाचाच भाग आहे असं समजून ते घरी जातात आणि बरे होतात. व्यसन खरं जडतं ते "हा त्रास त्या पदार्थाअभावी होतो आहे आणि तो घेतला की थांबतो," हे माणसाला उमगतं तेव्हा. लिंडस्मिथच्या सिद्धान्तावर पुढे बरीच टीका झाली. व्यसनाची सगळी कहाणी त्यात मावत नाही, हेही खरं. पण गर्दच्या विळख्यातल्या कुणालाही विचारा. पहिल्या काही महिन्यांनंतर मजेचा विषय निघत नाही. "बरं वाटावं म्हणून घेतो", "उठता यावं म्हणून घेतो", "कामावर जायचं होतं म्हणून घेतली", अशीच उत्तरं येतात.

टर्कीच्या या घड्याळाचा जोखमीशी नेमका संबंध कसा जुळतो, हे पाहायला अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या ऑस्टिन या गावाइतकं लख्ख उदाहरण नाही. वस्ती जेमतेम चार हजारांची. तिथे ओपाना ईआर नावाच्या ऑक्सिमॉर्फोनच्या गोळीचं व्यसन पसरलं होतं. गोळी कुटून हुंगता येऊ नये म्हणून कंपनीनं तिची घडण बदलली, तर लोक ती विरघळवून टोचून घेऊ लागले. असं घेतलेलं औषध लवकर चढतं आणि लवकर उतरतं, म्हणून टर्कीही लवकर येते. २०१५ च्या सुरुवातीला तिथे एचआयव्हीची लागण उघडकीला आली. सरकारी तपासणीत दिसलं, की माणसं दिवसाला चार ते पंधरा वेळा इंजेक्शन घेत होती आणि प्रत्येक वेळी सोबत एक ते सहा जण असत. कधी एकाच घरातल्या आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंतच्या पिढ्या एकत्र बसत. गोळी महाग, म्हणून वाटून घ्यायची. वाटून घ्यायची म्हणून एकाच झाकणात विरघळवायची आणि त्याच पाण्यात, त्याच कापसात सगळ्यांच्या सुया बुडायच्या.

आता साधा गुणाकार करा. दिवसाला दहा इंजेक्शनं धरली, तर एका माणसाला वर्षाला ३,६५० सुया हव्यात. आणि त्या वेळी इंडियानात सुयांचं अदलाबदल केंद्र चालवणं कायद्यात बसत नव्हतं, नशेसाठी सुई जवळ बाळगणं हा गुन्हा होता. पहाटे तीनला टर्की सुरू झाली, शेजारी गोळी आहे आणि घरात एकच वापरलेली सुई आहे, तर त्या घरात काय होईल हे सांगायला मानसशास्त्रज्ञ लागत नाही. ज्या परगण्यात वर्षाला एचआयव्हीचा क्वचित एखादा रुग्ण सापडायचा, तिथे तो आकडा दोनशेच्या वर गेला. तेव्हाचे गव्हर्नर माइक पेन्स यांनी मार्च २०१५ मध्ये आणीबाणी जाहीर करून सुया वाटायला परवानगी दिली आणि साथ आटोक्यात आली. सहा वर्षांनी, २०२१ मध्ये, परगण्याच्या आयुक्तांनी दोन विरुद्ध एक मतांनी ते केंद्र बंद करायचं ठरवलं.

ऑस्टिन अपवाद नाही. १९८० च्या दशकात एडिनबरामध्ये पोलीस सुया जप्त करत होते आणि दुकानदार त्या विकेनासे झाले होते. तिथल्या एका दवाखान्यात तपासलेल्या इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी निम्म्यांना एचआयव्हीची लागण झाल्याचं १९८६ मध्ये प्रसिद्ध झालं. आपल्या मणिपूरमध्ये १९८९ च्या शरदापर्यंत अशा माणसांत एचआयव्ही सापडत नव्हता. सहा महिन्यांत तो निम्म्यांपर्यंत पोहोचला. या तिन्ही ठिकाणची माणसं वेगळी, भाषा वेगळ्या, पदार्थही थोडे वेगळे. समान गोष्टी दोनच : टर्कीचं घड्याळ सगळीकडे सारखं आणि स्वच्छ सुई त्या घड्याळाच्या आवाक्याबाहेर.

प्रयोगशाळेतही हेच दिसतं. व्हरमाँट विद्यापीठातल्या संशोधकांनी अफूजन्य पदार्थांच्या व्यसनावर उपचार घेणाऱ्यांना पैशांविषयीचे साधे प्रश्न विचारले : आज थोडे हवेत की काही महिन्यांनी जास्त? ही माणसं इतरांपेक्षा "आज" कडे जास्त झुकतात, हे आधी दिसलं होतं. २००२ च्या अभ्यासात पुढची गोष्ट कळली. त्याच माणसाला डोस मिळायला उशीर झालेला असेल, सौम्य टर्की असेल, तर हा झुकाव आणखी वाढतो. आणि तो फक्त हेरॉइनपुरता नसतो, पैशांच्या बाबतीतही वाढतो. डोस मिळाल्यावर तोच माणूस पुन्हा लांबचं पाहू लागतो. आपल्याला हे अनोळखी वाटायचं कारण नाही. पेरणीच्या तोंडावर सावकाराच्या दारात उभा राहणारा शेतकरी व्याजाचा दर पुरता ओळखून असतो. आभाळ भरून आलेलं असताना बियाणं आज हवं असतं, म्हणून तो अंगठा देतो. त्याला हिशेब येत नाही, असं आपण म्हणत नाही.

या संशोधनातली एक गोष्ट उपचार करणाऱ्यांनी भिंतीवर लिहून ठेवावी अशी आहे. औषध मिळून शांत झालेल्या व्यसनी माणसाला स्वतःचीच पुढची टर्की किती भयंकर असेल, याचा अंदाज करता येत नाही. काही दिवसांनी मिळणाऱ्या जादा डोसची किंमत तो त्या क्षणी कमी लावतो, आणि टर्कीत असताना त्याच डोसची जास्त. वर्षानुवर्षं टर्की भोगलेल्या माणसाची ही गत. मग ती कधीच न भोगलेला डॉक्टर, न्यायाधीश, बाप किंवा लेखक तिच्याविषयी जे ठामपणे बोलतो, त्याचं वजन किती मानायचं?

तरीही टर्की आली म्हणजे जोखीम आलीच, असं नाही. न्यूयॉर्कमध्ये एका अभ्यासगटानं प्रश्न उलटा विचारला : जी माणसं कितीतरी वर्षं इंजेक्शन घेत आली आणि तरीही ज्यांना एचआयव्ही किंवा हेपॅटायटिस सी झाला नाही, त्यांनी काय केलं? उत्तरात धैर्य, श्रद्धा असले शब्द फारसे नव्हते. होती ती व्यवस्था. सकाळच्या टर्कीसाठी रात्रीच थोडा माल बाजूला ठेवायचा, कितीही मोह झाला तरी त्याला हात लावायचा नाही. स्वच्छ सुया साठवून ठेवायच्या. मात्रा वाढू द्यायची नाही. वाढली तर काही दिवस मेथाडोन या पर्यायी औषधावर जाऊन ती खाली आणायची. अडीअडचणीला पैसे देईल असं एखादं नातं तुटू द्यायचं नाही. थोडक्यात, टर्की आणि आपण यांच्यात काही तासांचं अंतर कायम राखायचं. या माणसांचं व्यसन सुटलेलं नव्हतं. पण व्यसन आणि आजार यांच्यातली वाट त्यांनी अडवून धरली होती. ही गोष्ट अनेक वाचकांना अस्वस्थ करेल; तिच्यासाठी पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे.

महाराष्ट्रात हा विषय १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत ब्राऊन शुगर येऊन पोहोचली तेव्हापासूनचा आहे. अनिल अवचटांच्या 'गर्द'नं तो मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात नेला, आणि पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीनं १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकारातून मुक्तांगण उभं राहिलं. पूर्ण व्यसनमुक्ती हे ध्येय मानणारी ती परंपरा आपल्या परिचयाची आहे. दुसरी परंपरा तिच्याइतकी परिचित नाही. मुंबईत १९९५ पासून काम करणाऱ्या संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्टसारख्या संस्था रस्त्यावरच्या माणसाला आहे त्या अवस्थेत भेटतात. सुई देतात, जखम धुतात, औषध देतात. या दोन परंपरांत वाद आहेत आणि ते पुढे सविस्तर येतील. पण टर्कीशी गाठ दोघींचीही पडते.

इथे आपल्या घरांत नेहमी घडणारी एक गोष्ट जवळून पाहू. मुलगा गर्द घेतो हे उघड होतं. घरचे ठरवतात : चार दिवस खोलीत कोंडू, ओरडला तरी दार उघडायचं नाही. मुलगा तडफडतो, भिंतीवर डोकं आपटतो आणि खरंच पाचव्या-सहाव्या दिवशी उठून वरण-भात खातो. नातेवाईकांना फोन जातात, सुटला म्हणून. दोन आठवड्यांनी तो जुन्या मित्रांना भेटतो आणि जुन्या अंदाजानं जुन्या मापाचीच मात्रा घेतो. पण ते माप पेलणारं शरीर आता राहिलेलं नसतं. त्याची सहनशक्ती त्या खोलीतच उतरून गेलेली असते. श्वास मंदावतो आणि थांबतो. तुरुंगातून सुटणाऱ्यांची हीच गत होते. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या सुटलेल्या कैद्यांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत नशेच्या अतिमात्रेनं मरण्याची त्यांची शक्यता राज्यातल्या इतर रहिवाशांच्या १२९ पट होती. टर्की पार पडली म्हणजे धोका टळला, हा समज जिवावर बेततो. उलट ज्या दिवशी घरचे निःश्वास टाकतात, त्या दिवसापासून सगळ्यात नाजूक काळ सुरू होतो.

दवाखान्यातही हेच घड्याळ चालू असतं. गळू चिघळलेला किंवा क्षयाचा रुग्ण दाखल होतो, सलाईन लागतं, आणि संध्याकाळी खाट रिकामी सापडते. कागदावर 'डामा' असा शेरा पडतो : वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध गेला. पण टर्कीसाठी त्याला कुणी काही दिलं होतं का, हे त्या कागदावर नोंदवायची सोय नसते. देहविक्रय करणाऱ्या बाईचं गणितही टर्कीतच फिरतं. एरवी जे गिऱ्हाईक ती दारातून परत पाठवते, त्याच्या अटी ती अंगात कापरं भरलेलं असताना मान्य करते, आणि पहिली अट निरोध नको ही असते. जोडीदार आधी टोचून घेतो आणि मग तीच सुई तिच्या हातात देतो, तेव्हा नकार द्यायला लागणारा वेळही तिच्याजवळ नसतो.

या देशात असे किती जण आहेत? केंद्र सरकारसाठी एम्सनं केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार अफूजन्य पदार्थ घेणारे सुमारे २.२६ कोटी, त्यांतले मदतीची गरज असलेले सुमारे ७७ लाख आणि इंजेक्शन घेणारे सुमारे साडेआठ लाख. त्यांच्यासाठी सगळ्यात परिणामकारक ठरलेला उपाय नवा नाही. ब्युप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखाली धरायची किंवा मेथाडोनचं सिरप प्यायचं. एका डोसचा परिणाम चोवीस तास किंवा अधिक टिकतो. सहा तासांचा दिवस पुन्हा चोवीस तासांचा होतो. माणूस कामाला जाऊ शकतो, मुलाच्या शाळेत जाऊ शकतो, पुढच्या महिन्याचा विचार करू शकतो. "एका नशेऐवजी दुसरी नशा" असा यावर आक्षेप घेतला जातो; तो या घड्याळाकडे पाहायचं विसरतो. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमात हे पर्यायी औषध देणारी ओएसटी केंद्रं आहेत, पण तिथे डोस सहसा रोज, कर्मचाऱ्यासमोरच घ्यावा लागतो. मजुराला पहाटे नाक्यावर उभं राहायचं असेल आणि केंद्र त्यानंतर उघडत असेल, तर औषध कितीही चांगलं असो, त्याच्यासाठी ते नसल्यासारखंच. २०२० च्या टाळेबंदीत काही दिवसांचे डोस घरी न्यायला परवानगी मिळाली. एरवी अशक्य वाटणारी ही गोष्ट एका परिपत्रकानं शक्य झाली.

या पुस्तकाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. सगळी जोखीम टर्कीतून येत नाही. तरुण वयातली खुमखुमी, गरिबी, बेघरपण, मारहाण, आणि मेफेड्रोनसारखे वेगळ्याच जातीचे पदार्थ यांचा हिशेब वेगळा आहे. पोलिसांची भीती तर टर्कीइतकीच माणसाला घाईत ढकलते. आपल्या अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायद्यात १९८५ पासून सेवनालाही शिक्षा आहे. स्वखुशीनं उपचार घेणाऱ्याला खटल्यातून सूट देणारं ६४-अ हे कलमही त्यातच आहे, पण ते रस्त्यावर फारसं कुणाला ठाऊक नसतं. शिवाय टर्कीत माणूस जे करतो त्याची जबाबदारी त्याच्यावर नाही, असंही हे पुस्तक म्हणत नाही. आईचं मंगळसूत्र विकणाऱ्या मुलानं चोरीच केलेली असते. प्रश्न एवढाच, की त्याला फक्त चोर म्हणून पुढची चोरी थांबते का.

पुस्तकाचे तीन भाग आहेत : शरीर, रस्ता आणि दवाखाना. ते क्रमानं वाचले नाहीत तरी चालतील. ज्यांच्या घरातच हा विषय आहे, त्यांनी दवाखान्यापासून सुरुवात करावी. कसंही वाचलं तरी प्रत्येक प्रसंगाला एक प्रश्न विचारावा : टर्की सुरू झाली तेव्हा त्या माणसाला सगळ्यात जवळ काय होतं? पुडी, दुसऱ्याची सुई की औषध? पुडी किती जवळ असावी हे बाजार ठरवतो आणि तो त्यात कधी कसूर करत नाही. औषध किती जवळ असावं, केंद्र किती वाजता उघडावं, डोस घरी न्यावा की नाही, वॉर्डात टर्कीवर उपचार व्हावेत की नाही, हे मात्र आपण निवडून दिलेली आणि आपल्या पगारावरची माणसं ठरवतात. त्यासाठी कोणताही नवा शोध लागायचा राहिलेला नाही. राहिला आहे तो फक्त निर्णय, आणि तो टर्कीत नसलेल्या माणसांनी घ्यायचा आहे.